माळाभोवतीचा चर

आमच्या घरात संध्याकाळी कोणी बोलत नसे, कारण बोललेलं ऐकूच येत नसे. दिवसभर रानात गेलेल्या मेंढ्या अंगणाच्या तोंडाशी आल्या की आत डालग्यांखाली, बांबूच्या मोठ्या टोपल्यांखाली, झाकून ठेवलेली लहान कोकरं एकदम ओरडायला लागत, आणि माय एकेक डालगं उचलून त्यांना सोडी. मग जो गोंधळ होई तो होई. प्रत्येक कोकरू त्या काळ्या पोटांखालून पळत आपली आई शोधी, चुकीच्या मेंढीला तोंड लावलं की लाथ खाई आणि पुन्हा ओरडे. ज्यांना आई सापडत नसे त्यांना माय आणि मी उचलून त्यांच्या त्यांच्या मेंढीपाशी नेऊन सोडत असू. कुठलं कोकरू कोणाचं हे मला नुसतं बघून कळायचं. कसं, ते सांगता येणार नाही. कॉलेजात हे एकदा एका मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पण सगळ्या सारख्याच दिसतात ना!" आणि हसली. मीही हसले. घरचं काही सांगितल्यावर समोरचा हसला की आपणही हसून घ्यायचं, ही सवय मला पहिल्याच वर्षी लागली होती. हळूहळू अंगणातला आरडाओरडा दूध ओढण्याच्या आवाजात विरून जाई आणि मग भाकरी थापल्याचा आवाज ऐकू येई. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, पाऊस होऊन गेला असला तर तरवट्याची, म्हणजे टाकळ्याची भाजी. आबा, म्हणजे माझे वडील, घोंगडी झटकत आत येत आणि रोज एकच विचारत, "समदे पेले का?" माय म्हणे, "पेले." मगच ते हातपाय धुवायला जात.

आमच्या वर्षाचे दोन भाग होते. दिवाळीनंतर रानं मोकळी होऊ लागली की शेतकरी आबांना बोलावणं धाडत, "औंदा आमच्याकडं बसवा." म्हणजे मेंढ्यांचा कळप रात्रीचा त्यांच्या रानात जाळी लावून बसवायचा. लेंडी आणि मूत जमिनीत मुरतं, पुढच्या पिकाला दुसरं खत लागत नाही, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. अशी रानं करत करत आबा पार घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला जात, आणि मृगाच्या तोंडाला परत येत. परत आल्यावर मात्र कुठल्याही रानात पाय ठेवायची सोय नसे, कारण सगळीकडे पेरा झालेला. ते चार महिने गावाच्या वरच्या बाजूचा माळ, एवढीच आमच्या मेंढ्यांची जागा. मुरमाड उंचवटा, बोरी, तरवड, गुडघ्याएवढं गवत, मध्ये एक ओढा. कागदावर ते गायरान. पावसाळ्यात माळ नसेल तर मेंढ्या ठेवता येत नाहीत, इतकी ती साधी गोष्ट होती, आणि मला ती शाळेत जायच्या आधीपासून माहीत होती. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं वाचणाऱ्याला वाटू नये.

कॉलेजला जायला मी आधी जीपनं वाटूरला जाई आणि तिथून बस पकडी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात मला सगळ्यात जास्त भीती माझ्या तोंडाची वाटे. उत्तर येत असलं तरी ते "न्हाई" किंवा "मंग" असं बाहेर पडेल म्हणून मी आधी मनात म्हणून बघे, आणि तोवर दुसऱ्यानं उत्तर दिलेलं असे. भूगोलाच्या सरांनी "हवामान दूत" नावाचा गट काढला तेव्हा त्यात मी नाव दिलं याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं. नाव देण्याचं कारण होतं. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस सलग तीन दिवस पडत राहिला होता. आबा उघड्या रानात होते. कोकरं भिजून, थंडीनं आखडून गेली. आबा ती पोत्यात घालून घरी घेऊन आले नाहीत, तिथंच पुरून आले, आणि मायला फक्त म्हणाले, "पूस म्हयन्यात असा पाऊस म्या कव्हा पायला न्हाई." सरांना मी हे अडखळत सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "हेच बोलायचं. बाहेरचा माणूस येऊन सांगतो तेव्हा गाव ऐकून घेतं आणि विसरतं. गावचीच मुलं-मुली बोलली पाहिजेत." सर तरुण होते, मनापासून काम करणारे होते. पुढच्या गोष्टीत त्यांचाही थोडा वाटा आहे, पण त्यांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आज मी स्वतः शिकवते तेव्हा तर मुळीच वाटत नाही. वर्गातल्या तीस मुलांची तीस गावं एका माणसाला कशी माहीत असणार?

गटानं एक गाव निवडून तिथे काय करायचं याची योजना लिहायची होती. चांगल्या योजना करणाऱ्या गटांना जालन्याला जिल्ह्याच्या मेळाव्यात, मोठ्या साहेबांसमोर बोलायची संधी मिळणार होती. आमच्या गटानं माझं गाव घेतलं. माझं अक्षर चांगलं म्हणून योजना मी लिहायची ठरली. झाडं लावायची होती, त्यासाठी जमीन दाखवायची होती, आणि छापील अर्जात जमिनीचा सध्याचा वापर या शब्दांपुढे चार चौकटी होत्या: शेती, वन, वस्ती, पडीक. मी पेन उचलून थांबले. "सर, गायरान कशात येईल?" सर दुसऱ्या गटाचे कागद बघत होते. त्यांनी विचारलं, "तिथं काही पिकतं का?" मी म्हणाले, "नाही सर." "मग पडीक." मी चौथ्या चौकटीत खूण केली. एवढंच झालं. "सर, तिथं मेंढ्या चरतात" हे चार शब्द मला बोलता आले असते. पण मेंढ्या म्हटल्या की त्या माझ्या घरच्या झाल्या, आणि हे काम तर गावाचं होतं, देशाचं होतं, सरांच्या भाषेत सांगायचं तर पृथ्वीचं होतं. त्यात मी माझ्या अंगणातलं काय घेऊन यायचं, असं काहीतरी मला वाटलं असावं. तिसऱ्या पानावर सरांनी दिलेल्या नमुन्यातून मी उतरवून घेतलं, की लागवडीभोवती चर खोदला जाईल आणि तीन वर्षं चराई पूर्ण बंद राहील. तेही मी सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी भाषण केलं. आयुष्यातलं पहिलं. ते पाठ करताना मी त्यातून भिजून मेलेल्या कोकरांचा भाग काढून टाकला होता, भाषण लांबत होतं आणि तो भाग जरा घरगुती वाटत होता. त्याऐवजी ध्रुवावरच्या बर्फाचं आणि समुद्राच्या पातळीचं टाकलं होतं. समुद्र आमच्या गावात कोणी पाहिलेला नव्हता. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच बाई होत्या, पण बोलायचे त्यांचे यजमान, आणि सगळे त्यांनाच सरपंच म्हणत. ते म्हणाले, "आपल्या गावची लेक शहरातल्यावानी बोलली! पडीक जमिनीवर जंगल व्हत आसंल तर आपलं काय जातंय?" ठराव झाला. आबा तेव्हा गोदाकाठी मेंढ्यांबरोबर होते. माय बायांमध्ये मागे बसली होती. घरी येताना तिनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली आणि म्हणाली, "माळावर झाडं आली तर बरं व्हईल. मेंढरायला सावली." तिसरं पान तिनं वाचलेलं नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं.

उन्हाळ्यात जेसीबी आला आणि तीन दिवसांत माळाभोवती चर खोदून गेला. मी परीक्षेत होते. चर मी जीपमधून पाहिला, लाल मातीची लांबच लांब रेघ. तेव्हापासून आबा परत येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते आठवत नाही, फक्त इतकं आठवतं की भाकरी खाताना मला ती चावून चावून गिळावी लागे. आबांना फोन करून सांगावं असं रोज ठरवी. फोन लागला की आबा विचारत, "पेपर बराबर गेले का?" मी म्हणे, "गेले."

मृगाच्या आधी दोन दिवस आबा आले. गावात शिरायच्या आधी ते नेहमी मेंढ्या माळावर सोडत. त्या दिवशी त्यांनी कळप मागे घेऊन त्या सबंध चराच्या कडेकडेनं चक्कर मारली, आत जायला कुठे वाट आहे का बघत, आणि वाट नाही म्हणून उपाशी मेंढ्या घेऊन अंगणात आले. त्या दिवशी त्यांनी मायला रोजचं ते विचारलं नाही. उंबऱ्यावर बसून म्हणाले, "माळाला चर कुणी मारला?"

माय म्हणाली, "सरकारनं मारला आसंल. झाडं लावून राह्यलेत म्हणं."

"मंग मेंढरानं आत कुठून जावं?"

माय माझ्याकडे बघायला लागली. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पाराजवळ समदे हसून राह्यले व्हते. म्हणले, तुमच्याच लेकीनं भाषण ठोकलं, लई टाळ्या पडल्या. आता तुमी मेंढरं कॉलेजात चारा."

"मी बोलले होते," मी म्हणाले. घरात मी असं शुद्ध कधी बोलत नसे. घाबरल्यामुळे ते तसं निघालं.

"काय म्हणलीस?"

"माळ पडीक हाये म्हणले."

आबा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते अंगणाकडे बघत म्हणाले, "तुला तर तिथंच चालायला शिकवलं." मग उठून जाळीचे खुंटे ठोकायला गेले.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात चिंता एक माणूस होऊन राहायला आली होती. आबा वाटूरच्या रस्त्याच्या कडेकडेनं मेंढ्या चारत. एका अंगाला पेरलेलं रान आणि दुसऱ्या अंगाला ट्रक. माय भाकरी घेऊन जाई आणि उरलेला दिवस त्यांच्याबरोबर रस्त्यावर हात पसरून उभी राही. एकदा दोन मेंढ्या सोयाबीनमध्ये शिरल्या तर रानाच्या मालकानं आबांना आईवरून शिव्या दिल्या. दिवाळीनंतर हाच माणूस आमच्या घरी चहा प्यायला येऊन "आबा, पयले आमच्याकडं" म्हणून आग्रह करायचा. मी बसमधून उतरून रस्त्यानं चालत येताना मेंढ्यांच्या माकडहाडाकडे बघे. पावसाळ्यात ती जागा भरून येते, तेव्हा ती आत गेलेली दिसायची. चार-सहा मेंढ्या आबांनी आधीच बाजारात नेल्या. एक दिवस जेवताना ते मायला म्हणाले, "पोळ्यापरेंत बघतो. न्हाई जमलं तर समद्याच इकून टाकू. मी जातो कुठं रोजानं." मायनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. माझ्या समोरची भाकरी तशीच राहिली.

सरांना सांगायला मला श्रावण उजाडला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा, मग माळावर झाडं लावायची, असं ठरलं होतं, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात जालन्याचा मेळावा. त्यात बोलणाऱ्यांमध्ये माझं नाव होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, तू आधी का नाही सांगितलंस?" ते खरंच विचारत होते, रागानं नाही. मग ते म्हणाले, "रोपं आली आहेत, ठराव झालाय, साहेबांना बोलावलंय. आता ऐन वेळी... आपण असं करू, पुढच्या वर्षी थोडी जागा मोकळी करायचं बघू." पुढच्या वर्षी मेंढ्याच नसतील, हे वाक्य माझ्या मनात तयार होतं. तोंडातून निघालं, "बरं सर."

वाटूरच्या फाट्यावर जीपची वाट बघताना मी शीतलला हे सांगितलं. शीतल माझ्या गटातली, शेजारच्या गावची. तिचे वडील शिक्षक, आणि ती लहानपणापासून बुद्धविहारातल्या सभांमध्ये भाषणं करत वाढलेली. तिला कोणासमोर बोलायची भीती म्हणून नव्हती. ती शेंगदाणे खात ऐकत होती. म्हणाली, "मंग ग्रामसभेत सांग ना. गाव तुझं हाये."

"सरांना काय वाटंल?"

"सरांचं सोड. तू जालन्याला जायचं म्हणून गप हाएस का?"

मी म्हणाले, असं बिलकुल नाही. ती म्हणाली, "मंग ठीक हाये," आणि शेंगदाणे माझ्यापुढे धरले. माझी जीप आली. रस्ताभर मला कळत होतं की ती बरोबर बोलली. मेळाव्यासाठी मी मैत्रिणीचा निळा ड्रेस मागून आणून ट्रंकेत ठेवला होता. मी तो दोनदा घालूनही बघितला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पंधरा ऑगस्टला सकाळी शाळेच्या मैदानात झेंडा लागला, पोरांना बुंदी वाटली गेली, आणि रोपांचा टेम्पो येऊन भिंतीशी उभा राहिला. सभा शाळेच्या पडवीत होती. सर, ग्रामसेवक, सरपंचबाई आणि त्यांचे यजमान पुढे. साहेब आलेच नाहीत, त्यांची बैठक निघाली. आमच्या गटातली मुलं कुदळी-फावडी घेऊन बाजूला. आबा आत आले नव्हते. मेंढ्या माय बघत होती आणि ते फाटकाबाहेर काठीवर हनुवटी टेकून उभे होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. माझं भाषण हातातल्या कागदावर होतं आणि तो कागद घामानं ओला झाला होता. नाव पुकारलं गेलं, मी उठले, "सन्माननीय" म्हणाले आणि पुढचं काही आठवेना. कागद समोर असूनही वाचता येईना. शेवटी मी म्हणाले, "म्या चुकीचं लिहिलं."

मी म्हणाले, "माळ पडीक न्हाई. तिथं मेंढ्या चरत्यात. मला ठाव व्हतं तरी म्या पडीक लिहिलं."

सरपंचबाईंचे यजमान उठून उभे राहिले. "हे काय पोरखेळ हाये का? तव्हा एक बोलली, आता एक! तुमच्या कॉलेजात ह्येच शिकवत्यात काय?" काही जण हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "बापानं पढवून पाठवलं!" मी फाटकाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बसले असते. मी टेबलाची कड धरली. मग मी एक प्रश्न विचारला. तो मी आधी ठरवलेला नव्हता, भाषणात नव्हता, आणि तो कुठून आला हे आजही मला सांगता येत नाही. "दिवाळीनंतर कोणाकोणाच्या रानात आमच्या मेंढ्या बसत्यात? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सोयाबीनवाला मालक खाली बघून पायाचा अंगठा घासत होता. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात बायांमधून पारूआजी, जी आपलं पाच एकर रान एकटी करते, बसल्या जागेवरून म्हणाली, "आमच्यात बसत्यात की. लपवायचं काय त्यात? आरं पोरांनो, करा की हात वर. कापूस वजनात भरला तव्हा तर म्हणत व्हता, लेंडीखत ते लेंडीखत." हशा पिकला. एक हात वर झाला, मग दुसरा. सोयाबीनवाल्याचा हात खांद्याच्या वर गेला नाही, पण गेला. मी म्हणाले, "त्या मेंढ्या पावसाळ्यात कुठं ऱ्हायाच्या मंग?"

ग्रामसेवक चष्मा पुसत म्हणाले, "असं मधेच बदलता येत नाही. परत ठराव घ्यावा लागतो, वर पाठवावा लागतो." पारूआजी म्हणाली, "मंग घ्या की. पेन न्हाई का जवळ?" सरपंचबाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. यजमानांकडे न बघता म्हणाल्या, "लिहा. ओढ्याच्या वरचा भाग झाडांना, खालचा चराईला." ग्रामसेवकांनी लिहिलं. वरून मंजुरी येईल की नाही हे ते सांगू शकत नव्हते, आणि ती यायला पुढे बरेच महिने लागले. पण तोपर्यंत मेंढ्यांना थांबायला सांगता येत नव्हतं.

सर उठले. मला वाटलं ते निघून जातील. त्यांनी एका मुलाच्या हातातलं फावडं घेतलं आणि विचारलं, "चर कुठं भरायचा ते कोण दाखवेल?" फाटकाबाहेरून आबा म्हणाले, "चला." त्या दिवशी हवामान दूतांच्या गटानं आधी चराचा बैलगाडी जाईल एवढा तुकडा माती लोटून बुजवला आणि मग झाडं लावली. आबा काठीनं जागा दाखवत पुढे आणि मुलं रोपं घेऊन मागे. "हितं खाली खडक हाये, लिंब न्हाई धरायचा. ही वाट मेंढराची, ही सोडा. करंज तिकडं, ओढ्याला." एका शहरातल्या मुलानं विचारलं, "काका, तुम्हाला झाडं नको होती ना?" आबा म्हणाले, "आरं, झाड कुणाला नको आसतंय? मला इचारा म्हणलं, बस."

ठराव अर्धवट राहिला म्हणून आमच्या गटाची योजना अपूर्ण धरली गेली आणि जालन्याला आम्ही गेलो नाही. खोटं कशाला लिहू, मला वाईट वाटलं. निळा ड्रेस मी धुऊन परत केला. पोळा आला आणि गेला, उरलेल्या मेंढ्या राहिल्या. मग एक दिवस सर म्हणाले, "तुझे वडील कॉलेजात येऊन मुलांशी बोलतील का?" मी घरी विचारलं. आबांनी लगेच विचारलं, "मंग मेंढरं कोण बघंल?" मी म्हणाले, "म्या बघते."

आबा धुतलेला पटका बांधून जीपनं गेले आणि मी मेंढ्या घेऊन माळावर गेले. तो दिवस मला सभेच्या दिवसापेक्षा जड गेला. आबा "म्या" म्हणतील आणि पोरं हसतील. आबा खुर्चीवर बसायचे नाहीत. आबांना कोणी समुद्राच्या पातळीबद्दल विचारलं तर? मी एका दगडावर बसून त्यांच्या वतीनं मनात उत्तरं देत राहिले. दुपारी ढग आले तशा मेंढ्या गोळा करून खाली आणल्या. जीपमधून उतरून आबा अंगणात आले. त्यांनी माझ्याकडे नाही, कळपाकडे बघितलं. "कानफाटीचं कोकरू कुठंय?"

कानफाटी, कान चिरलेली ती मेंढी, जिचं कोकरू नुकतंच कळपाबरोबर चरायला जाऊ लागलं होतं, मान वर करून ओरडत उभी होती. मघापासून ओरडत असणार. बघितल्याबरोबर ज्या मला कळायचं, त्या मला दिसलं नव्हतं. आबांनी काठी उचलून माळाची वाट धरली. मी मागे. अर्धा चढ चढेपर्यंत मी दम धरला आणि मग विचारलंच, "काय बोललात?"

"काय बोलायचं? त्यायनी इचारलं, म्या सांगितलं."

"हसलं का कोणी?"

"हसले की." आबा पुढे चालत म्हणाले, "म्या म्हणलं, पाऊस यायच्या आधी मेंढरू वाऱ्याकडं पाठ करून उभं ऱ्हातं, आन् तुमी मोबाइल काढून उभे ऱ्हाता. तव्हा हसले. मंग कोकरं भिजून मेली ते सांगितलं. तव्हा न्हाई हसले." थोडं थांबून म्हणाले, "सर म्हणले परत या. म्या म्हणलं, म्या आल्तो, आता तुमी या माळावर. येतो म्हणले समदे."

तेवढ्यात आवाज आला. जमिनीतून आल्यासारखा. जो चर आम्ही भरला नव्हता त्याच्या तळाशी, साचलेल्या पाण्यात, कोकरू उभं होतं. मी चपला काढून आत उतरले. कडेला मी कितीदा उभी राहिले होते, पण चर माझ्या छातीपर्यंत येतो हे मला आत उतरल्यावर कळलं. भिंती ओल्या होत्या, धरायला काही नव्हतं. कोकरू उचलून मी डोक्यावर धरलं. आबांनी ते घेतलं, चारही पाय चाचपून बघितले आणि खाली सोडलं. मग वाकून माझ्यापुढे हात केला.

"जल्दी वर ये," ते म्हणाले. "उजेड हाये तवर आजून किती भरायचा राह्यला ते बघून येऊ."